कै. चिंतामणराव देशमुख : चरित्र आणि एक अपुरी राहिलेली मागणी

ज्ञातीच्या वार्षिक अंकात थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्यांत कै. डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र आजवर किती वेळा आले असेल याची गणती नाही. परीक्षेतील पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, भारताचे अर्थमंत्री आणि महाराष्ट्रासाठी दिलेला राजीनामा ही चार स्थळे आपल्या घरांतील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. चिंतामणराव आपले होते हे सांगताना आपली छाती फुगते आणि ते योग्यच आहे. परंतु या चरित्रात १९५९ सालचे एक प्रकरण आहे, त्याचा उल्लेख आपल्या अंकांतून बहुधा एका ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते ते प्रकरण राजीनाम्याहूनही मोलाचे आहे, आणि आपल्याला थोडेसे अडचणीचेही आहे. म्हणून यंदा त्याच बाजूने हे चरित्र सांगावे असे योजिले आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातील नाते या गावी, रायगड किल्ल्याच्या परिसरात झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे रोह्यास वकिली करीत. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. घराणे देशमुखीचे, पण मुलांच्या शिक्षणावाचून तरणोपाय नाही हे ओळखलेले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. १९१५ साली ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र हे विषय घेतले, वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले, आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. त्या काळी ही परीक्षा केवळ लंडनमध्येच होत असे.

या पहिल्या क्रमांकाचे आपल्याला कौतुक वाटते ते मुख्यत्वे बुद्धिमत्तेचे. त्यात आणखी एक अर्थ होता, तो समजण्यासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. सरकारी जागा गुणांवर मिळावी ही कल्पना त्या काळी जिल्ह्याच्या पातळीवर फारशी रुजलेली नव्हती. कारकुनाची जागा साहेबाच्या मर्जीवर मिळे, आणि साहेबाची मर्जी त्याच्या शिरस्तेदाराच्या मर्जीवर अवलंबून असे. १८८८ साली पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर आरोप आले. मुंबईतील ज्या मंडईला त्यांचे नाव होते, तेच हे क्रॉफर्ड. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व सोयीच्या बदल्या यांसाठी त्यांच्या नावाने पैसे घेतले जात आणि हणमंतराव राघवेंद्र हे मध्यस्थ म्हणून वावरत, असे ते आरोप होते. सरकारने मामलेदारांना अभय देऊन साक्षीला बोलाविले. साक्षी झाल्या. चौकशी मंडळाने क्रॉफर्ड यांच्यावरील लाचेचे आरोप सिद्ध धरले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका मात्र ठेवला आणि ते नोकरीतून गेले. हणमंतराव तुरुंगात गेले. ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याचे खरे सांगितले होते त्यांतील काहींना दिलेले अभय पुरते पाळले गेले नाही, म्हणून पुण्यास मोठी सभा झाली व लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू घेतली. वाचकांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या पार्श्वभूमीवर रोह्याच्या वकिलाचा मुलगा कोणाच्याही शिफारशीविना, परक्या देशात, परक्या परीक्षकांपुढे पहिला येतो, ही साधी घटना नव्हती. त्याच सुमारास लोकमान्य लंडनमध्ये होते. सरकारी नोकरी पत्करावी की देशकार्यास लागावे असा पेच घेऊन चिंतामणराव त्यांच्याकडे गेले. राज्य हाती येईल तेव्हा कारभार जाणणारी माणसे लागतील, तेव्हा नोकरीत राहून अनुभव घ्यावा, अशा आशयाचा सल्ला लोकमान्यांनी दिला. चिंतामणरावांनी तो मानला.

पुढील वीस वर्षे ते मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. रायपूर जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या फेरआकारणीचे किचकट काम त्यांनी केले, १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कार्यालयात काम केले, आणि पुढे प्रांताच्या वित्त खात्याचे सचिव झाले. १९३७ साली नागपुरास लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तेव्हा मंत्री व सचिव यांचे नाते कसे असावे व कसे नसावे हे त्यांना जवळून पाहावयास मिळाले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. या जागेवर आजवर एकही भारतीय बसलेला नव्हता, आणि युद्धाच्या ऐन धामधुमीत बँकेला कायम गव्हर्नर मिळण्यास सुमारे सहा महिने लागले. अखेर ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणरावांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेस ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात गेले. फाळणीनंतर दोन देशांच्या चलनाची विभागणी आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण ही दोन्ही कार्ये त्यांच्याच कारकिर्दीत पार पडली.

१९५० च्या एप्रिलात ते नियोजन मंडळाचे सदस्य झाले आणि जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर १ जून १९५० रोजी अर्थमंत्री झाले. येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. चिंतामणराव पक्षाचे कार्यकर्ते नव्हते, तुरुंगात गेलेले नव्हते. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला मनुष्य एकाएकी मंत्रिपदी बसला, हीदेखील एका अर्थी वरून झालेली नेमणूकच नव्हती काय? होती. फरक असा की नेमणाऱ्याचे आणि नेमल्या गेलेल्याचे कोणतेही घरगुती वा आर्थिक हितसंबंध तीत गुंतलेले नव्हते, आणि पुढे १९५२ साली काँग्रेसच्या तिकिटावर कुलाबा मतदारसंघातून निवडून येऊन त्यांनी ती नेमणूक लोकांकडून मान्य करून घेतली.

त्या निवडणुकीच्या आगेमागेची एक घरगुती हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. आमचे घर कशेळ्याचे. माझे धाकटे चुलते नुकतेच मॅट्रिक झाले होते आणि नोकरीच्या शोधात नेरळ व कर्जत स्टेशनांच्या वाऱ्या करीत होते. दिल्लीचा अर्थमंत्री आपल्या ज्ञातीचा, आपल्या जिल्ह्याचा. तेव्हा एक पत्र घातले तर मुलाचे कल्याण होईल, असे घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वडिलांना सुचविले. वडिलांनी पत्र लिहिले. नात्याचा दूरचा धागा शोधून काढला, तो कागदावर मांडला, पत्ता लिहिला, आणि पत्र पोस्टात टाकले नाही. का टाकले नाही हे त्यांनी कधी सांगितले नाही. चुलते पुढे भिवपुरीच्या वीजगृहात लागले व तेथूनच निवृत्त झाले. त्या काळी आपल्या ज्ञातीच्या किती घरांतून अशी पत्रे लिहिली गेली असतील, आणि त्यांतील किती प्रत्यक्ष पोस्टात पडली असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. हे सांगण्याचे कारण असे की वशिला ही गोष्ट केवळ मंत्र्यांच्या दालनात जन्मत नाही. ती आपल्या ओटीवर, पानसुपारीच्या तबकाशेजारी जन्मते आणि मग वर जाते.

अर्थमंत्रिपदाच्या काळातील पहिल्या पंचवार्षिक योजनेची घडी, १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची झालेली स्टेट बँक, हे सर्व सुपरिचित आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी एका वटहुकुमाने आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. दोनशे पंचेचाळीस कंपन्या व संस्था त्यात आल्या. खाजगी विमा कंपन्यांचे संचालक लोकांचा पैसा आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या उद्योगांत गुंतवितात, हे या निर्णयामागील एक मुख्य कारण होते. आणि दैवदुर्विलास असा की चिंतामणराव मंत्रिमंडळातून गेल्यावर वर्षभरातच, जून १९५७ मध्ये, याच सरकारी महामंडळाने आपल्या गुंतवणूक समितीस न विचारता हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. फिरोज गांधी यांनी ते लोकसभेत उघडे केले, न्यायमूर्ती छागला यांची उघड चौकशी झाली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये जावे लागले. खाजगी मालकाच्या जागी सरकार आले म्हणून आप्तस्वकीयांची सोय लावण्याची वृत्ती आपोआप जात नाही, हे चिंतामणरावांना स्वतः उभारलेल्या संस्थेच्याच उदाहरणाने पाहावे लागले.

राजीनाम्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवून केंद्राच्या ताब्यात देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. चिंतामणरावांचे आक्षेप दोन होते. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी राज्य सरकारने नाकारली हा एक. आणि इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर न होता जाहीर झाला हा दुसरा. २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत आपले निवेदन केले. आपण त्या राजीनाम्याकडे मराठी अभिमानाच्या दृष्टीने पाहतो. त्यांच्या दृष्टीने मात्र सत्ताधाऱ्याने चौकशीस सामोरे जावे की नाही हा त्यातील मुद्दा होता. १९५९ च्या मागणीचे बीज येथेच आहे. पुढच्याच, १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली.

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. आता १९५९ चा जुलै महिना. मद्रासच्या एका व्याख्यानात चिंतामणरावांनी जाहीरपणे सांगितले की सार्वजनिक जीवनात भ्रष्टाचार आणि आप्तांची व मर्जीतल्या माणसांची सोय लावण्याची प्रथा वाढत आहे, आणि तिला आळा घालण्यासाठी उच्च दर्जाचे, निःपक्षपाती, कायमस्वरूपी न्यायाधिकरण नेमावे. कोणाही नागरिकाने त्याच्याकडे माहिती द्यावी, त्याने चौकशी करून अहवाल द्यावा. असे न्यायाधिकरण नेमले तर आपण स्वतः त्याच्यापुढे पाच-सहा प्रकरणे मांडू, असेही त्यांनी सांगितले.

देशात मोठी खळबळ उडाली. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना अर्थमंत्री नेमले, १९५३ साली दुर्गाबाईंशी झालेल्या त्यांच्या विवाहास जे साक्षीदार म्हणून हजर होते, त्या पंडित नेहरूंना ही मागणी पटली नाही. अशा न्यायाधिकरणाने परस्परांवर चिखलफेक व संशयाचे वातावरण माजेल असे त्यांचे मत पडले. माहिती असेल तर आपल्याकडे द्यावी, असे त्यांनी सुचविले. चिंतामणरावांनी माहिती देणाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला. यावर त्यांच्यावर टीका झाली की आरोप करावयाचे आणि नावे द्यावयाची नाहीत, हे न्यायाचे नव्हे. ही टीका अगदीच निराधार होती असे मला म्हणवत नाही. नुसत्या आकड्याने सारेच मंत्री संशयाच्या छायेत येतात आणि निर्दोष मनुष्यास आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची वाट राहत नाही. परंतु वर सांगितलेले मामलेदारांचे प्रकरण आठवावे. सरकारने तोंडी दिलेल्या अभयावर विसंबून खरे बोललेल्या माणसांची काय गत झाली हे पुण्यामुंबईच्या जुन्या पिढीस ठाऊक होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच सहकाऱ्याच्या हाती तक्रारदाराचे नाव द्यावयाचे, तर तक्रार करण्यास पुढे येणार कोण? कायद्याने उभारलेले, मंत्र्यांच्या मर्जीवर न चालणारे पीठ आधी हवे आणि नावे नंतर, हा त्यांचा क्रम होता, आणि तो क्रम बरोबर होता असे आजही वाटते.

न्यायाधिकरण झाले नाही. त्याच वर्षी मॅगसेसे पारितोषिक शासकीय सेवेसाठी त्यांना मिळाले, हाही एक योग.

येथे दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आज कोणी ती विचारीलच. चिंतामणराव अर्थमंत्री असताना, १९५३ साली, केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अध्यक्षा झाल्या दुर्गाबाई देशमुख. विवाह त्याच वर्षी जानेवारीत झालेला. बाहेरून पाहणाऱ्यास हे आप्तपोषणाचे उदाहरण वाटेल. परंतु दुर्गाबाई घटनासमितीच्या सदस्य होत्या, आंध्र महिला सभेची स्थापना त्यांनी १९३७ साली केली होती, आणि विवाहापूर्वीच त्या नियोजन मंडळावर आल्या होत्या. पतीच्या पदामुळे त्यांस पद मिळाले असे म्हणता येत नाही. तरीही मला वाटते की चिंतामणरावांनी मागितलेले न्यायाधिकरण तेव्हा अस्तित्वात असते आणि कोणी हा प्रश्न त्यापुढे नेला असता, तर त्याचे उत्तर तेथे पाच मिनिटांत मिळाले असते. पीठ नसले की प्रश्न कुजबुजीतच राहतो, आणि कुजबुज लायक व नालायक यांच्यात भेद करीत नाही.

काळाने पुढे काय केले पाहा. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांच्यावर मुलांना व नातलगांना सत्तेचा लाभ करून दिल्याचे आरोप इतके वाढले की १९६३ च्या अखेरीस न्यायमूर्ती एस. आर. दास यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. १९६४ साली त्याचा अहवाल आल्यावर कैरों यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी संतानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग आला, पण त्याची नजर अधिकाऱ्यांवर, मंत्री बाहेरच. १९६६ साली प्रशासन सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल व राज्यांत लोकायुक्त असावेत असे सुचविले. लोकायुक्त नेमण्यात महाराष्ट्राने सर्व राज्यांत आघाडी घेतली. १९७१ चा कायदा व १९७२ साली प्रत्यक्ष नेमणूक. आपल्याला याचा अभिमान वाटावा, मात्र पुरती माहिती घेऊन. लोकायुक्ताने शिफारस करावयाची, अंमल करावयाचा की नाही हे सरकारने ठरवावयाचे. आणि मुख्यमंत्री त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते.

याचा अनुभव आपल्याच जिल्ह्याच्या संदर्भात आला. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ज्या किल्ल्याच्या परिसरात चिंतामणराव जन्मले त्याचे नाव जिल्ह्यास मिळालेले त्यांनी अखेरच्या दिवसांत ऐकले. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले हेही याच जिल्ह्याचे. एका वर्षाने, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटचे वाटप आणि त्यांनी स्थापिलेल्या न्यासास मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाने काढला आणि त्यांनी पद सोडले. पुढे फौजदारी प्रकरण वर्षानुवर्षे चालले. त्यात त्यांस शिक्षा झाली नाही. न्याय कोणत्या बाजूस होता हा प्रश्न येथे नाही. तक्रार करणाऱ्याला उच्च न्यायालयाखेरीज दार नव्हते, एवढेच येथे पाहावयाचे.

विद्यापीठ अनुदान मंडळानंतर १९६२ ते १९६७ चिंतामणराव दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था त्यांनी वाढविली. संस्कृतात काव्यरचना केली, मेघदूताचा मराठीत अनुवाद केला, गांधीजींच्या विचारांस संस्कृत श्लोकांचे रूप दिले. १९६९ साली स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली आणि एक लाख बारा हजार सातशे एकोणसत्तर मतमूल्य मिळवून ते तिसरे आले. ती निवडणूक त्यांनी लढवावयास नको होती असे माझे मत आहे; पक्षांच्या त्या रस्सीखेचीत त्यांचा स्वभाव शोभत नव्हता. परंतु हे झाले कडेवर बसून दिलेले मत. १९७५ साली पद्मविभूषण हा सन्मान त्यांस मिळाला. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेस चिंतामणरावांचे निधन झाले. रोह्याच्या महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे.

केंद्रात लोकपालाचा कायदा झाला तो २०१३ साली, आणि पहिल्या लोकपालांची नेमणूक मार्च २०१९ मध्ये झाली. मद्रासच्या व्याख्यानास तेव्हा साठ वर्षे होत आली होती.

वडिलांच्या पश्चात कशेळ्याच्या घरातील लाकडी पेटी उघडली, तेव्हा जमिनीच्या खातेपुस्तकात घडी घातलेले ते पत्र सापडले. अक्षर वळणदार, मायना आदराचा, नात्याचा धागा तीन ओळींत समजावून दिलेला. त्यापुढे मागणीचा मजकूर मात्र नव्हता. तेथे कागद कोराच होता.